केकताडावरचं नाव

आमच्या गच्चीवर केकताडाच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या आहेत आणि त्यावरून जळगावात माझी थोडीफार चेष्टा होते. समोरच्या घरातली सून एकदा वर आली. कुंड्यांकडे बघून म्हणाली, "काकू, गुलाब लावायचे सोडून हे काटे काय पाळलेत?" मी म्हटलं, तुझे गुलाब मला मे महिन्यात दाखव, मग बोलू. मे महिन्यात ती काही वर आली नाही. नर्सरीवाला ह्याच झाडाला अगेव्ह म्हणतो, आणि पानाला पिवळा काठ असला तर ते चिनी मातीच्या कुंडीत घालून दुकानाच्या दाराशी मांडतो. पुस्तकात ह्याला घायपात म्हटलेलं असतं. आमच्याकडे केकताड. नाव कोणतंही घ्या, पाणी कमी घाला म्हणजे झालं.

केकताड लावायला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. लागते, फक्त ती हात आवरण्याची लागते. बुडाशी पिल्लं फुटतात, त्यातलं एखादं आईपासून तोडलं की लगेच मातीत घालायचं नाही. तुटलेली जागा सावलीत सुकू द्यायची, खपली धरली की मग लावायचं. आपली काळी माती एकटी वापरायची नाही, ती पाणी धरून बसते आणि झाड बुडापासून सडतं. तिच्यात निम्मा मुरूम आणि थोडी वाळू घालावी. लावून झाल्यावर लोक मायेने तांब्याभर पाणी ओततात, तिथेच घात होतो. पावसाळ्यात मी कुंड्या विटेवर तिरप्या ठेवते, म्हणजे पोंग्यात पाणी साचत नाही. टोकाचे काटे कात्रीने उडवते, कारण नातवंडं येतात आणि नातवंडांना नेमका तिथेच चेंडू टाकायचा असतो. हे सगळं मला मायने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, ती करत होती आणि मी शेजारी बसून बघत होते. मधल्या पोंग्यातून नवं पान सुटतं तेव्हा त्याच्या अंगावर शेजारच्या पानाच्या काट्यांचा वळ उमटलेला असतो, नीट बघितलं तर दिसतो. तो तिनेच मला दाखवला होता. "एकच पोटमा राह्यनात ना," म्हणाली, "वळ तं ऱ्हाईच."

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या रस्त्यापासून जरा आत. घरात नाना म्हणजे माझे वडील, माय, माझी थोरली बहीण अक्का, मी, आणि आबा. आबा नानांचे मोठे भाऊ. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घराचा कारभार आणि आम्हा दोघी बहिणींची काळजी हा त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. माणूस वाईट नव्हता, पण काळजी करायला लागला की दुसऱ्याला जेवू देत नसे. माय त्यांच्याशी कधीच थेट बोलली नाही. जेठासमोर बोलायचं नाही ही तेव्हाची रीत. कपाळावर पदर ओढून ती मला म्हणायची, "धाकली, आबासले सांग, भाकर वाढेल शे." आबा मायच्या समोर हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायची, मग आबा मला म्हणायचे, "सांग, उनू," म्हणजे आलो. अशी माझी दिवसभर टपालाची नोकरी चालायची. नानांना माय "आयकं का" म्हणायची, कारण नवऱ्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही हीही रीतच. आणि नाना हे नुसतं आमच्यापुरतं नव्हतं. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं, गावाबाहेरचा व्यापारीसुद्धा.

आमच्या वावराच्या बांधापलीकडे वच्छीकाकूंचं वावर. त्यांच्या म्हशीला आमची दादर, म्हणजे ज्वारी, फार आवडायची. आपल्या दादरचं कणीस कुणाला गोड लागावं ह्याचा नानांना अभिमान होता की राग होता हे मला कधी कळलं नाही, पण भांडणं रोज व्हायची. एका वर्षी माय माहेरून येताना केकताडाच्या पिल्लांनी भरलेलं पोतं घेऊन आली. एस्टीच्या टपावर पोतं चढवताना कंडक्टरचा हात खरचटला, तो पारोळ्यापर्यंत कुरकुरत होता. नानांनी पोतं बघितलं आणि म्हणाले, "लोके माहेरथीन लुगडा लयतस, आमनी काटा लयनी." मायने पिल्लं चार दिवस ओट्याच्या सावलीत सुकवली आणि एका सकाळी बांधावर ओळीने लावून टाकली. दोनेक पावसाळे गेले आणि म्हशीचं येणं थांबलं. तिसऱ्या वर्षी पानं माझ्या खांद्याला लागू लागली. मग नानाच आल्यागेल्याला बांध दाखवायला नेत, जणू कल्पना त्यांचीच होती.

पोळ्याच्या आधी आबा खालची जुनी पानं कापत, ठेचून ओढ्याच्या डबक्यात कुजत घालत. आठवडाभर त्या बाजूने नाक धरून जावं लागे. मग पानं बडवून त्यातून पांढरा वाख काढायचा आणि ओट्यावर बसून त्याचे दोर वळायचे. रस अंगाला लागला की अशी खाज सुटायची की आबा भिंतीला पाठ घासत बसायचे, आणि आम्ही हसलो की आणखी चिडायचे. आमच्या बैलांचे कासरे, विहिरीचा दोर, माझा झोका, सगळं त्या बांधावरचं होतं. आज नायलॉनचा दोर कुठल्याही दुकानात मिळतो आणि हातही खाजत नाहीत. तक्रार करावी असं त्यात काही नाही.

केकताडाचा आणखी एक उपयोग गावातल्या पोरांनी शोधून काढला होता. बाभळीचा काटा घ्यायचा आणि पानावर ओरखडायचं. आधी ओली हिरवी रेघ दिसते, मग ती पांढरट होते, मग तपकिरी खपली धरते, आणि पान जगेल तोवर पुसली जात नाही. पोरांनी त्यावर स्वतःची नावं लिहिली होती, एकमेकांच्या बापांची लिहिली होती, आणि एका पानावर शाळेतल्या मास्तरांविषयी असं काही होतं की ते मी इथे लिहिणार नाही.

त्याच सुमारास गावात बायांसाठी शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पारोळ्याहून एक बाई यायच्या आणि दुपारी शाळेच्या पडवीत शिकवायच्या. वच्छीकाकू निघाल्या म्हणून मायही निघाली. पाटी माझी जुनीच. घरी आली की चुलीपुढच्या राखेत बोटाने अ, क, म काढत बसायची, आणि नाना जाता येता म्हणायचे, "काय, कलेक्टर व्हई का आते?" अक्षरं झाली, काना, मात्रा, वेलांट्या झाल्या. जोडाक्षरं दिवाळीनंतर घेऊ, असं बाई म्हणाल्या. दिवाळीनंतर कापूस फुटला, सगळ्या बाया वेचणीला गेल्या, आणि वर्ग तिथेच संपला. सही येते एवढं झालं म्हणून घरात सगळे खूश होते. त्यापलीकडे मायला काय येतं, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

अक्का मात्र धुळ्याच्या कॉलेजात जात होती. आमच्या घरातली पहिलीच. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, पुढे बी.एड. करायचं आणि मास्तरीण व्हायचं हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. सकाळी डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन ती फाट्यावर बसला उभी राहायची. त्याच फाट्यावर, त्याच बसला, वच्छीकाकूंचा मुलगाही उभा राहायचा. त्याचं नाव भास्कर. हे नाव आम्हाला झोपेतही ऐकू यायचं, कारण वच्छीकाकू त्याला हाक मारायच्या ती बांध ओलांडून आमच्या चुलीपर्यंत यायची. अक्काचं त्याच्याविषयी मत असं होतं की त्याच्या डोक्यावर तेल फार आहे आणि डोक्यात काही नाही. पण बस एक आणि फाटा एक, एवढं गावाला पुरेसं होतं. आबांना तर त्याहून कमी पुरायचं. चोपड्याकडचं एक स्थळ त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, केळीची बाग असलेलं, आणि नाना "परीक्षा होऊ दे" म्हणून ते लांबवत होते.

थंडीचे दिवस होते, रविवार होता, आणि घरात भरीत होतं. मायने कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती. मी ती लाकडी बडगीत ठेचत होते, अक्का पातीचा कांदा चिरत होती, आणि नाना कळण्याच्या भाकरीची वाट बघत ताटावर येऊनही बसले होते. आबा गव्हाला पाणी द्यायला गेले होते, ते परत आले, पण हातपाय धुतले नाहीत. दारातच उभे राहिले.

"सकायपाईन धुयानं कॉलेज बंद," म्हणाले. सकाय म्हणजे उद्या.

नानांनी विचारलं, "काय व्हयनं?"

"केकताडवर नाव लिखेल शे. भास्करनं. आपला बांधवर, आपलाच आंगे."

नानांनी अक्काकडे बघितलं. अक्काने विळी आडवी केली आणि म्हणाली, "मी नही लिखं."

"मंग कोन लिखं? मी लिखं?" आबा म्हणाले. "चोपडाना लोके थांबेल शेतस. त्यासले हो सांगी देवूत. गावना तोंडले लागाना पहिले."

नाना गप्प बसले. माझ्या वडिलांचं हे मला कधी आवडलं नाही. आबा बोलले की ते गप्प बसायचे, आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अक्का रडली नाही. तिची पुस्तकं कोनाड्यात होती, त्यांच्याकडे बघत राहिली फक्त. तेवढ्यात करपल्याचा वास आला. मायची भाकरी तव्यावर काळी झाली होती. मायची भाकरी करपलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. तिने ती उचलून बाजूला ठेवली, तोंड उघडलं, आबा दारात उभे होते, तोंड मिटलं. मला वाटलं, घाबरली. भरीत कोणी धड खाल्लं नाही. ते खाण्यासारखं होतं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

जेवणं आटोपल्यावर नानांनी विळा घेतला. पान कापून टाकतो म्हणाले, म्हणजे उद्या फाट्यावर जाणाऱ्यांच्या नजरेला पडायला नको. अक्का म्हणाली, मीपण येते, माझ्यावर आळ आहे तर मला बघू द्या. आबा दाखवायला पुढे निघाले. मागून मी, आणि माझ्याही मागून माय. ती का येते आहे हे तिला कोणी विचारलं नाही.

पान रुंद होतं, बांधाच्या आतल्या बाजूला, रस्त्यावरून चटकन दिसणार नाही असं. अक्षरं मोठी होती, बोटभर उंचीची, आणि वरची रेघ अगदी सरळ. पोरं लिहितात तसं घाईचं काम नव्हतं ते. अक्का वाकली, वाचलं, आणि चक्क हसली. आबांचा चेहरा लाल झाला.

"आबा, आठे दखा," ती म्हणाली. "भा, स, क, र. सना पाय तोडेलच नही. स पुरा शे. माले जोडाक्षर येत नही का? मी बी.ए.ले शे."

"मंग त्यानी लिखं व्हई."

"तो बी कॉलेजले शे. सोतानं नाव त्याले लिखता येत नही?"

आबा चौथी शिकलेले. ते पुढे झाले आणि ओठ हलवत एकेक अक्षर बघू लागले. नानांना हा अक्षरांचा घोळ सहन होईना. "कोन्ही बी लिखेल राहो," म्हणाले आणि पान डाव्या हाताने धरून विळा लावला.

"धाकली," माय म्हणाली. पदर पार नाकापर्यंत होता, तोंड गव्हाकडे. "त्यासले सांग, पान कापू नका."

मी सवयीने म्हणाले, "नाना, माय सांगस, पान कापू नका."

"का बरं?"

"सांग, मी लिखेल शे."

हे मी पुढे सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं.  आबांनाही रीत सुटेना. ते मलाच म्हणाले, "धाकली, तुनी मायले इचार, कोननं नाव शे."

मी विचारलं. माय पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिली. एकदा तिने नानांकडे बघितलं, आणि लगेच खाली. आबांनी ते बघितलं. मग पुन्हा पानाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"नाना," म्हणाले, "तुनंच नाव शे ना रे ते."

माझ्या वडिलांचं नाव भास्कर होतं. रेशनकार्डावर होतं, सातबाऱ्यावर होतं, माझ्या स्वतःच्या नावापुढे शाळेच्या हजेरीत रोज घेतलं जायचं, आणि तरी माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आजी गेल्यापासून त्या नावाने त्यांना हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. भास्कर म्हटलं की वच्छीकाकूंचा, एवढंच सगळ्यांच्या कानात बसलेलं. नाना आपलं नाव विसरले होते असं नाही. पण ते कोणी मायेने बसून, रेघ मारून, पानावर लिहील असं त्यांच्या मनातच येणं शक्य नव्हतं. मला आजही वाटतं की त्या दिवशी आमच्या घरातली सगळ्यांत मोठी चूक तीच होती.

नानांनी विळा खाली ठेवला. त्यांना राग आणायचा होता, पण तो येईना. "तोंडथीन कधी नाव घेतं नही," म्हणाले, "आनी आठे..."

"तोंडथीन घेवानं नही," माय म्हणाली. "लिखानं नही, असं कोन्ही सांगेल नही."

हे ती मला म्हणाली नाही. थेट नानांना म्हणाली, आबांच्या देखत, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. आबा वळून गव्हाकडे बघू लागले आणि खोकले. बराच वेळ खोकले. मग पाठमोरेच म्हणाले, "आक्का, सकाय बसले उशीर करू नको." चोपड्याच्या लोकांना त्यांनी पुढे काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि कॉलेजचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

अक्का तिथेच बसली. जन्मजात मास्तरीण, दुसरं काय. बाभळीचा काटा तोडला, त्याच शब्दाच्या खाली पानावर अर्धा स काढला, त्याला क चिकटवला. "हाऊ सना पाय तोडाना आनी पुढलाना खांदावर ठेवाना," म्हणाली. मायने काटा घेतला आणि शेजारी तसंच्या तसं उतरवून काढलं, भास्कर. पहिल्यापेक्षा बारीक आणि नीट.

"आते वाच," अक्का म्हणाली.

"नही."

"अव माय, वाचणं म्हंजे नाव घेणं नही."

"तू वाच तुले वाचानं तं. मी लिखं, बस व्हयनं." आणि घरी येईपर्यंत दोघींचा ह्यावरून वाद चालला. वाचणं हे तोंडात जातं की लिहिण्यात जातं, ह्याचा निकाल काही लागला नाही. नाना मागून येत होते, त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही.

ते पान पुढे नानांनी कोणाला कापू दिलं नाही. आबा वाखासाठी पानं काढायला निघाले की नाना आधी जाऊन उभे राहायचे, हे नको, त्याच्या मागचं घ्या. अक्का बी.एड. झाली, धुळ्याला शाळेत लागली. मला जळगावात दिलं. आबा गेले. आणि ज्या वर्षी नाना गेले, त्या उन्हाळ्यात त्या केकताडाला तुरा आला. तुरा म्हणजे विजेच्या खांबाएवढा सोट सरळ वर जातो, त्याला फांद्या, फांद्यांना पिवळी फुलं. लोक बघायला येतात, पण ज्याने लावलं त्याला माहीत असतं. केकताड आयुष्यात एकदाच फुलतं आणि फुललं की वाळतं. मागे पिल्लं ठेवतं, तेवढीच.

नानांचं तेरावं झाल्यावर माय म्हणाली, चला, पिल्लं काढून घेऊ, झाड जातंय. आम्ही तिघी सकाळीच बांधावर गेलो. झाड बसकं झालं होतं, पानं पिवळी पडून खाली लोंबत होती. ते पानही लोंबत होतं. अक्षरं मात्र काळपट होऊन अधिकच ठळक दिसत होती, वर पुरा स, खाली अर्धा. मायने पदराने त्यावरची धूळ पुसली.

अक्का म्हणाली, "माय, आते तरी वाच."

मला अक्काचा राग आला. ही काय वेळ आहे का, असं मी म्हणणार होते. पण मायने बोट वरच्या शब्दावर ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. "भा. स. क. र." मग बोट खाली आणलं आणि अख्खं, एका दमात, मोकळ्या आवाजात म्हणाली, "भास्कर."

बांधापलीकडे कोणीतरी काडीकचरा गोळा करत होतं, ते ताठ उभं राहिलं. वच्छीकाकूंचा भास्कर. डोक्यावर तेल तेवढंच होतं, केस अर्धे पांढरे झाले होते.

"काय व काकू?" त्याने विचारलं.

"तुले नही रे भाऊ," माय म्हणाली. "मनावालाले." म्हणजे माझ्यावाल्याला.

मग तिने पदर खोचला आणि पिल्लं काढायला खाली बसली.